विश्लेषण : बीडचा सचिन धस युवा विश्वचषकापर्यंत कसा पोहोचला? यापुढची वाट अधिक खडतर का?

दक्षिण आफ्रिकेत झालेल्या १९ वर्षांखालील मुलांच्या एकदिवसीय विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रविवारी, ११ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताला ऑस्ट्रेलियाकडून ७९ धावांनी पराभव पत्करावा लागला. सहाव्या विजेतेपदाची संधी हुकली. पण या स्पर्धेने मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे नाव क्रिकेटच्या नकाशावर आणले. ऊसतोड कामगारांचा आणि दुष्काळाचा जिल्हा अशी ओळख असलेल्या बीडमधील सचिन धस याने स्पर्धेत ३०३ धावा केल्या. उपांत्य सामन्यात हातातून गेलेला डाव त्याने कर्णधाराच्या साथीने सावरला. ही स्पर्धा नेमकी कशी असते, जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा मुलगा तिथपर्यंत कसा पोहोचतो आणि त्यानंतर त्याच्यापुढे कोणती आव्हाने असतात, याचा हा आढावा.

उपांत्य सामन्यात काय घडले?

बेनोनी येथील विलोमूर पार्क मैदानावर ६ फेब्रुवारीला भारतासमोर यजमान दक्षिण आफ्रिकेचे आव्हान होते. यजमानांनी ५० षटकांत ७ बाद २४४ धावा केल्या. विजयासाठी २४५ धावांचे लक्ष्य फार मोठे नव्हते, पण भारताच्या डावातील पहिल्याच चेंडूवर सलामीवीर आदर्श सिंग बाद झाला. क्वेना मफाका आणि ट्रिस्टन लुस या वेगवान गोलंदाजांनी आघाडीची फळी कापून काढली आणि भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी झाली. तोवर सगळे सामने जिंकत आलेल्या संघावर उपांत्य फेरीतच गाशा गुंडाळण्याची वेळ आली होती.

अशा वेळी सचिन धस मैदानात उतरला. समोर कर्णधार उदय सहारन होता. दोघांनी वाटून घेतलेली कामे वेगळी होती. सहारनने एक टोक धरून ठेवले, एकेरी-दुहेरी धावांवर भर दिला. धसने मात्र दडपण झुगारून चौकार वसूल करायला सुरुवात केली. धावगती आटोक्याबाहेर गेली नाही, ती मुख्यतः त्याच्यामुळे. पाचव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी झाली. धस ९५ चेंडूंत ९६ धावा करून बाद झाला. त्यात ११ चौकार आणि एक षटकार होता. शतक चार धावांनी हुकले, पण तोवर विजयासाठी फक्त ४२ धावा उरल्या होत्या. त्यानंतरही गडी पडत गेले. धावसंख्या बरोबरीत असताना ८१ धावांवर सहारन धावचीत झाला. अखेर राज लिंबानीने चौकार मारून ७ चेंडू आणि २ गडी राखून विजय मिळवून दिला.

अंतिम सामन्यात अशी भागीदारी होऊ शकली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ७ बाद २५३ धावांना उत्तर देताना भारताचा डाव १७४ धावांत आटोपला. धसला दोन अंकी धावसंख्याही गाठता आली नाही.

त्याआधीच्या सामन्यांत कामगिरी कशी होती?

धस या संघात सहाव्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून खेळत होता. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हा क्रमांक कठीण मानला जातो. आघाडीचे फलंदाज खेळले तर शेवटची आठ-दहा षटके वाट्याला येतात. पहिल्या चेंडूपासून फटके मारावे लागतात आणि २०-२५ धावांच्या खेळीची दखल कोणी घेत नाही. साखळीतील सामन्यांत धसच्या वाट्याला नेमके हेच आले. बांगलादेश, आयर्लंड आणि अमेरिकेविरुद्ध भारताने मोठे विजय मिळवले. त्या विजयांत अर्शिन कुलकर्णी, मुशीर खान यांच्या शतकांची चर्चा झाली.

नेपाळविरुद्धच्या ‘सुपर सिक्स’ सामन्यात चित्र बदलले. ब्लूमफॉन्टेन येथे २ फेब्रुवारीला भारताचे तीन गडी ६२ धावांत बाद झाल्यावर धसला पाचव्या क्रमांकावर पाठवण्यात आले. त्याने १०१ चेंडूंत ११६ धावा केल्या आणि सहारनसह चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. सहारननेही शतक केले. भारताने तो सामना १३२ धावांनी जिंकला. दुसऱ्याच दिवशी धसचा १९ वा वाढदिवस होता. वेळ मिळाला तर डाव उभारता येतो आणि वेळ नसेल तर तो संपवताही येतो, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच स्पर्धेत दाखवल्या. निवड समित्यांच्या दृष्टीने ९६ या आकड्याइतकेच हेही महत्त्वाचे ठरते.

ही स्पर्धा नेमकी कशी असते?

युवा विश्वचषकाची पहिली स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. त्यानंतर दहा वर्षे ती झालीच नाही. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ती पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद (आयसीसी) दर दोन वर्षांनी तिचे आयोजन करते. २०२४ च्या स्पर्धेपूर्वी भारताने २०००, २००८, २०१२, २०१८ आणि २०२२ अशी पाच वेळा ती जिंकली होती.

२०२४ ची स्पर्धा मुळात श्रीलंकेत व्हायची होती. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाला निलंबित केले आणि स्पर्धा दक्षिण आफ्रिकेकडे गेली. त्यामुळे फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांऐवजी उसळी घेणाऱ्या खेळपट्ट्यांची तयारी करावी लागली. सोळा संघांची चार गटांत विभागणी होती. प्रत्येक गटातील पहिले तीन संघ ‘सुपर सिक्स’मध्ये गेले आणि तिथल्या दोन गटांतील पहिले दोन संघ उपांत्य फेरीत पोहोचले. अंतिम सामना धरून एकूण ४१ सामने झाले.

या सामन्यांना ‘युवा एकदिवसीय’ असा दर्जा असतो. सामना ५० षटकांचाच असतो, पण त्यातील धावा आणि बळी वरिष्ठ आंतरराष्ट्रीय किंवा ‘लिस्ट ए’ कारकीर्दीत मोजले जात नाहीत. म्हणजे विश्वचषकात ३०३ धावा करणारा मुलगा राज्याच्या वरिष्ठ संघात येतो तेव्हा त्याच्या नावापुढे शून्यच असते.

एकच संधी का मिळते?

२०२४ च्या स्पर्धेसाठी १ सप्टेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. वयाच्या या नियमाखेरीज भारतीय खेळाडूंना आणखी एक बंधन आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) २०१६ मध्ये एका खेळाडूला एकच युवा विश्वचषक खेळता येईल, असे ठरवले. त्यापूर्वी काही जण दोन-दोन स्पर्धा खेळत. तेव्हाचे युवा संघाचे प्रशिक्षक राहुल द्रविड यांनी या प्रवृत्तीवर जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. युवा क्रिकेट ही पायरी आहे, मुलांनी तिथे रेंगाळू नये, असा त्यामागचा विचार होता.

नियमामुळे अधिक मुलांना संधी मिळते हे खरे. मात्र दुसरी बाजूही आहे. मुंबई किंवा बंगळूरुतील मुलगा १५-१६ व्या वर्षीच निवड समितीच्या नजरेत येतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाला तिथवर पोहोचायलाच उशीर होतो. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या स्पर्धेच्या वेळी तो दुखापतग्रस्त असेल किंवा त्याचा हंगाम खराब गेला असेल, तर संधी कायमची जाते.

बीडमध्ये क्रिकेट खेळणे कठीण का?

पहिली अडचण खेळपट्टीची आहे. राज्य पातळीपासून पुढचे बहुतेक सामने ‘टर्फ’वर, म्हणजे मातीच्या, रोलर फिरवून घट्ट केलेल्या खेळपट्टीवर होतात. लहान गावांतील मुले मात्र सिमेंटवर किंवा मॅटवर खेळून मोठी होतात. मॅटवर चेंडू जवळपास एकसारखा उसळतो. टर्फवर तो कधी खाली राहतो, कधी टप्पा पडल्यावर आत-बाहेर वळतो, आणि दुपारनंतर खेळपट्टी सुकली की त्याची चालच बदलते. त्यामुळे मॅटवर धावांच्या राशी घालणारा मुलगा निवड चाचणीत पहिल्यांदा टर्फवर उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूवर बाद होतो. चाचणीत दुसरी संधी क्वचितच मिळते.

धसचा सराव झाला तो प्रामुख्याने अर्ध्या टर्फवर. पूर्ण २२ यार्डांऐवजी फलंदाजाच्या बाजूचा, चेंडूचा टप्पा पडतो तेवढाच भाग मातीचा करायचा, असा हा मार्ग आहे. त्यात माती कमी लागते, राबणारे हात कमी लागतात आणि मुख्य म्हणजे पाणी कमी लागते.

दुसरी अडचण याच पाण्याची आहे. टर्फ खेळपट्टी एकदा तयार करून भागत नाही. तिला पाणी द्यायचे, ते मुरू द्यायचे, वाफसा आला की रोलर फिरवायचा, वाळू द्यायची आणि खेळ झाला की पुन्हा पाणी, हे चक्र अखंड चालवावे लागते. दोन आठवडे दुर्लक्ष झाले तर माती भेगाळते आणि चेंडू अंगावर येऊ लागतो. बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे जिल्ह्यातील तीन तालुके होते. जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे खेळपट्टीसाठी पाणी मागणे अवघड ठरते. धसच्या वडिलांनी मुलाच्या सरावासाठी कर्ज काढून टर्फ खेळपट्ट्या करून घेतल्या आणि त्या टिकवण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे, असे त्यांनी माध्यमांना सांगितले आहे.

तिसरी अडचण अंतराची आहे. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि उर्वरित राज्यासाठी पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना. बीड या तिसऱ्या संघटनेत येते. निवड चाचण्या, शिबिरे, निमंत्रितांच्या स्पर्धा यांचे केंद्र बहुतांशी पुणे. बीडपासून ते सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि २०२४ मध्ये बीड शहरात रेल्वे आलेली नव्हती. त्यामुळे एसटीचा किंवा खासगी बसचा रात्रीचा प्रवास, सकाळी सामना आणि परतीची बस हा अनेक मुलांचा क्रम असे. सोबत पालकांपैकी एकाला जावे लागले तर त्या दिवसाची रजा किंवा मजुरी जाते.

मग धस तिथपर्यंत कसा पोहोचला?

घरातून मिळालेला पाठिंबा हे पहिले कारण. वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस दलात अधिकारी. दोघेही खेळाडू. वडील विद्यापीठ पातळीवर क्रिकेट खेळले, आईने कबड्डी गाजवली. मुलाचे नाव सचिन तेंडुलकरवरून ठेवले गेले आणि त्याच्या पाठीवर क्रमांकही १० चाच आहे. वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच त्याला प्रशिक्षक शेख अझहर यांच्याकडे पाठवण्यात आले. तेव्हापासून याच प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली बीडमध्येच तो घडला. नोकरीचा नियमित पगार असलेले घर, खेळाची जाण असलेले पालक आणि एकच प्रशिक्षक, या तीन गोष्टी जुळून आल्या.

त्यानंतरचा रस्ता ठरलेला आहे. जिल्हा संघ, त्यातून निमंत्रितांच्या स्पर्धा, मग राज्याचा वयोगटातील संघ. सोळा वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक असतो. एकोणीस वर्षांखालील गटात चारदिवसीय सामन्यांची कूच बिहार करंडक आणि एकदिवसीय सामन्यांची विनू मंकड करंडक स्पर्धा होते. तिथे चमकलेल्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीची शिबिरे आणि चॅलेंजर करंडकासाठी बोलावले जाते. त्यातून युवा आशिया चषक आणि विश्वचषकाचा संघ निवडला जातो. २०२४ च्या विश्वचषकाचा संघ डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत आशिया चषक खेळला. तिथे उपांत्य सामन्यात बांगलादेशकडून हरल्यावर तो तिरंगी मालिकेसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. विश्वचषकापूर्वी तिथल्या उसळत्या खेळपट्ट्यांची ओळख झाली ती या मालिकेत. संघाचे मुख्य प्रशिक्षक पुण्याचे हृषिकेश कानिटकर होते.

मराठवाड्यातून याआधी कोण पोहोचले?

बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर हे भारताकडून १२ कसोटी आणि १५ एकदिवसीय सामने खेळले. २००२ मध्ये हेडिंग्ले कसोटीत सलामीला येऊन त्यांनी केलेल्या ६८ धावा आजही आठवल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतच झालेल्या २००३ च्या विश्वचषकासाठीच्या भारतीय संघात ते होते, पण एकाही सामन्यात त्यांना अंतिम अकरात स्थान मिळाले नाही. पुढे ते भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. मात्र त्यांची देशांतर्गत कारकीर्द रेल्वेच्या संघातून घडली. नोकरी आणि खेळ दोन्ही देणारा संघ शोधत बाहेर पडणे हा त्या काळातील मार्ग होता.

जालन्याचा विजय झोल हे दुसरे उदाहरण. २०११ मध्ये कूच बिहार करंडकात त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ च्या विश्वविजेत्या युवा संघात तो होता आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. त्या संघाचा उपकर्णधार संजू सॅमसन भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचला. झोलला मात्र ते दार उघडले नाही. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता आणि त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटी रुपयांना घेतले. २०२३ मध्ये तो आयपीएलमध्ये खेळलाही. म्हणजे मराठवाड्यातून वाट आहे, पण तिच्या शेवटाची खात्री नाही.

युवा विश्वचषकातील यशाने भवितव्य ठरते का?

इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. २००६ मध्ये भारत अंतिम सामन्यात पाकिस्तानसमोर ११० धावांचा पाठलाग करताना ७१ धावांत गारद झाला. त्या हरलेल्या संघात चेतेश्वर पुजारा, रोहित शर्मा आणि रवींद्र जडेजा होते. २०१२ मध्ये अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून उन्मुक्त चंदने विश्वचषक जिंकून दिला. त्याची तुलना विराट कोहलीशी होऊ लागली होती. वरिष्ठ संघाची टोपी न मिळालेल्या चंदने २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट सोडले आणि तो अमेरिकेत गेला.

फरक पडतो तो नंतरच्या तीन-चार वर्षांत. युवा क्रिकेटमध्ये समोर आपल्याच वयाचे गोलंदाज असतात. रणजी करंडकात दहा-दहा वर्षे खेळलेला गोलंदाज फलंदाजाचा कच्चा दुवा दोन षटकांत हेरतो. शिवाय राज्याच्या संघात जागा मोजक्या असतात आणि सहाव्या क्रमांकाची जागा बहुधा अष्टपैलूकडे जाते. विश्वचषकानंतर धसला महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघात यायचे तर वरच्या क्रमांकावर खेळण्याची तयारी करावी लागणार होती किंवा गोलंदाजीत भर घालावी लागणार होती. त्याच्याच संघातील सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीला लखनऊ सुपर जायंट्सने विश्वचषकाआधीच २० लाख रुपयांत घेतले. तो सलामीला खेळतो आणि वेगवान गोलंदाजीही करतो, ही त्याची जमेची बाजू आहे.

जिल्ह्यातील इतर मुलांना याचा काय उपयोग?

धसच्या खेळीनंतर बीडमधील प्रशिक्षण केंद्रांकडे पालकांचा ओघ वाढला तर आश्चर्य नाही. पण धसला जे मिळाले ते घराच्या हिमतीवर मिळाले. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्रिकेटचा मुख्य हंगामही याच महिन्यांत असतो. त्या घरातील मुलगा कितीही चांगला खेळत असला तरी चाचणीच्या दिवशी तो फडावर असण्याची शक्यता अधिक.

ही दरी भरून काढायची तर उपाय फार महागडे नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी किमान दोन पूर्ण टर्फ खेळपट्ट्या आणि त्यांच्यासाठी शेततळे किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची सोय, त्यांची निगा राखणारा पगारी माळी, वयोगटातील पहिल्या टप्प्याच्या चाचण्या पुण्याऐवजी विभागाच्या ठिकाणी, आणि निवड झालेल्या मुलांना प्रवास व निवासाचा खर्च. यातील बहुतेक गोष्टी राज्य संघटना, जिल्हा संघटना आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांच्या आवाक्यातील आहेत. २०२४ नंतरचा युवा विश्वचषक दोन वर्षांनी होता. त्यात खेळू शकणारी मुले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. त्यांच्यासाठी त्यापुढचा पावसाळा संपण्याआधी खेळपट्टीची माती पडायला हवी होती.